घासून आलेला डबा

१८ एप्रिल, शनिवार. दुपारचे डबे परत आले तसं मी मागच्या अंगणात पोतं अंथरलं आणि लाल ऑइलपेंटची डबी उघडली. डब्यांवर नंबर रंगवायचं काम वर्षातून दोनदा निघतं, एकदा दिवाळीच्या सुट्टीत आणि एकदा उन्हाळी परीक्षा तोंडावर आल्या की. विद्यापीठाच्या आसपास खोल्या करून राहणारी बासष्ट पोरं-पोरी माझ्याकडे जेवतात. प्रत्येकाचे दोन डबे. एक दुपारचा, एक रात्रीचा. दोन्हींवर एकच नंबर. दोन-दोन वर्षांनी नावं बदलतात, नंबर तेच राहतात.

नांदेडच्या एप्रिलमध्ये स्टील इतकं तापतं की ब्रश टेकताक्षणी रंग सुकायला लागतो. बोटं भाजतात. टर्पेंटाइनचा वास, शेजारच्या गच्चीवर वाळणाऱ्या कुरडयांचा आंबूस वास, आणि गेटसमोरून ओठ हलवत जाणारी पोरं. परीक्षेचा हंगाम मला यावरून कळतो, टाइमटेबल बघावं लागत नाही. भर उन्हात डोक्यावर वही धरून पोरगं चाललंय आणि तोंडानं पुटपुटतंय, म्हणजे पहिला पेपर आठ दिवसांवर आला.

एक ते अडतीस झाले. एकोणचाळीस उचलला आणि हात थांबला. दिवाळीत घातलेला आकडा त्यावर नव्हताच. बाकीच्यांचे आकडे तेलकट थराखाली का होईना, दिसत होते. इथे नुसते तारेच्या घासणीचे बारीक गोल ओरखडे. आतून बघितलं तर आरशासारखा लख्ख. ढिगातून त्याचा जोडीदार शोधून काढला. तोही तसाच.

माझ्याकडे डबा कुणी घासून पाठवत नाही. पाठवावा अशी माझी अपेक्षाही नाही. खरकट्यासकट येतात आणि आमच्याकडच्या दोघी बायका राखेनं नव्हे, आता साबणानंच, हळूच घासतात, कारण नंबर जपायचा असतो. तारेची घासणी आम्ही डब्याला बाहेरून लावतच नाही. म्हणजे हे घासणं आमचं नव्हतं.

मी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवला. असा लख्ख डबा सहा-सात वर्षांपूर्वी एकीकडून रोज यायचा. तेव्हा मी त्याचं चारचौघांत कौतुक केलं होतं.

खानावळवालीला डबा वाचता येतो. यात काही दैवी नाही, सवयीचा भाग आहे. चौदा नंबर पोळीच्या कडा परत पाठवतो. वीस नंबरची मुलगी भाजीतले शेंगदाणे आधी वेचून खाते आणि भाजी ठेवते. एकजण वरणात चिठ्ठी बुडवून पाठवायचा, ‘काकू मीठ’. जास्त झालं की कमी, ते कधी लिहिलं नाही. घरून भांडण करून आलेल्याचा डबा दोन दिवस निम्मा येतो. प्रेमात पडलेल्याचाही निम्माच येतो, पण त्याला दोन चमचे लावलेले असतात. परीक्षेत सगळ्यांचेच जड येतात. मग मी भाजी कमी करून दहीभात वाढवते, धपाट्यांना तिखट कमी घालते. पेपर संपले की डबे पुन्हा चाटूनपुसून यायला लागतात. इतकं साधं गणित. निम्मा डबा म्हणजे काळजी, रिकामा म्हणजे सगळं ठीक. वीस वर्षं मी याच गणितावर चालले, आणि त्यातच चुकले.

माझी धाकटी बहीण लातूरला अशीच खानावळ चालवते. तिच्याकडे अकरावी-बारावीची लेकरं. तिचं दुःख वेगळं. तिथली पोरं रडतात ती मोठ्यानं रडतात. पहाटे पाचला क्लास, आठला क्लास, रविवारी टेस्ट. पण कितीतरी जणांच्या आया सोबत आलेल्या असतात. गावाकडचं घर नवऱ्यावर सोडून लातूरला एक खोली घेतात, दोन वर्षं लेकरासोबत राहतात, क्लासच्या दारात छत्री घेऊन उभ्या राहतात. बहीण म्हणते, ‘पोरांपेक्षा आयांचेच डबे जास्त भरलेले परत येतात माझ्याकडं.’

माझ्याकडची पोरं बावीस-चोवीस वर्षांची. यांच्यासोबत कुणी येत नाही. एम.एस्सी.ला, एम.ए.ला बसलेल्या पोराची आई खोली करून राहत नाही. तो मोठा झाला असं धरलेलं असतं. गावाकडे गेला की पारावरचे लोक एकच विचारतात, ‘काय करून राहिला सध्या?’ ‘एम.एस्सी. करून राहिलो’ म्हटलं की दोन वर्षं भागतं. दुसऱ्या वर्षाचा एप्रिल आला की हे उत्तर संपत येतं. पुढचं उत्तर अजून तयार नसतं.

ते उत्तर संपत आलेली रेणुका माझ्याकडे सत्तावीस नंबरला होती. किनवटकडच्या जंगलातल्या गावातली, आश्रमशाळेत शिकलेली, रसायनशास्त्राचं दुसरं वर्ष. बुटकी, काटक, बोलायला कमी. पहिल्या वर्षी ती गावाकडून आली की डब्यात काहीतरी घालून पाठवायची. कधी सीताफळ, कधी मूठभर टेंभुरं. पहिल्या वेळी मला वाटलं चुकून राहिलं. सलीमभाईंनी सांगितलं, ‘नहीं भाभी, बोली काकू कू देना.’ सलीमभाई माझे डबे ऑटोतून पोचवतात, आजही तेच पोचवतात.

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीपासून तिचा डबा घासून यायला लागला. आत एक कण नाही. मी खूश. महिनाअखेरीला पोरं-पोरी माझ्या ओट्यावर जमतात, तेव्हा मी सगळ्यांसमोर तो डबा उचलून दाखवला. म्हटलं, बघा जरा, जंगलातून आलेली पोरगी आहे, पण अन्नाची किंमत कळते तिला. पोरांनी तिची चेष्टा केली. कुणीतरी तिला ‘घासणीबाई’ नाव ठेवलं. ती हसली होती. ते हसणं मला आता आठवतं, तेव्हा मी नीट बघितलं नव्हतं, कारण मी पुढच्या पोराला कारलं टाकल्याबद्दल बोलत होते.

एप्रिल लागला. एक दिवस सलीमभाई रिकामे डबे उतरवताना हसत म्हणाले, ‘भाभी, वो सत्ताईस नंबर के गेट पे कुत्ती बैठती ना, मेरे ऑटो कू पैचानती अब. इत्ती मोटी हो गई.’ मीही हसले. म्हटलं, तुमच्या ऑटोला भाज्यांचा वास येत असेल. एवढं समोर ठेवलं होतं त्या माणसानं, आणि मी आठ दिवस ते विनोद म्हणून इतरांना सांगत फिरले.

मग ऑटोचं काहीतरी तुटलं आणि दोन दिवस डबे मी स्कूटीवर पोचवले. पुढे पिशव्या, मागे पिशव्या, हँडलला पिशव्या. रेणुकाच्या हातात डबा दिला, कोपऱ्यापर्यंत गेले आणि आठवलं की लोणच्याची पुडी राहिली. परत फिरले. पुढचं दार लोटलेलं होतं, म्हणून मागून गेले. ती मागच्या भिंतीशी उकिडवी बसून पोळीचे तुकडे करत होती. घाईनं नाही, लपून नाही. एक तुकडा तोडायचा, भाजी लावायची, कुत्रीपुढे ठेवायचा. तिनं खाल्ला की दुसरा. लहान लेकराला भरवावं तसं. शेजारी बादली, घासणी आणि साबणाची वाटी तयार ठेवलेली.

मला बघून ती दचकलीसुद्धा नाही. म्हणाली, ‘काकू, परत पाठवला तर तुम्हाला वाईट वाटंल. म्हणून धुऊन पाठवते.’

मी काय केलं ते स्पष्टच लिहिते. मी तिला झापलं. पहाटे चारपासून उभं राहून केलेलं अन्न कुत्र्याला, बाप तिकडे राबतोय, लाज नाही वाटत, वगैरे वगैरे.  मग ती म्हणाली, ‘काकू, सकाळी दात घासतानाच वाटतं, कशाला. मग जेवायचं तरी कशाला?’ मी म्हटलं, परीक्षेचं टेन्शन आहे सगळं, पेपर झाले की भूक लागते, आता गुमान खा. आणि स्कूटीला किक मारून निघाले.

चौथ्या दिवशी सकाळी तिची रूममेट पळत आली. पहिला पेपर होता. रेणुकाच्या हातात हॉलतिकीट, पायात चपला, आणि ती कॉटवरून उठतच नव्हती. रूममेटला स्वतःचा पेपर होता. तिला जायला सांगितलं आणि मी गेले. रेणुका भिंतीकडे बघत होती. ‘मी उठून नाही राहिले काकू,’ एवढंच म्हणाली, कुणा तिसऱ्याबद्दल सांगावं तसं. मी तिच्या वडलांना फोन केला आणि ते किनवटहून येईपर्यंत दारात बसून राहिले. शेताला राखण बसतात तशी. ओढणी, खिडकी, बाथरूमचं दार, सगळ्यावर नजर ठेवून.

वडील दुपारी आले. सहा एकर स्वतः कसणारा माणूस, अंगातला सदरा घामानं भिजलेला. ते तिच्याशेजारी कॉटवर बसले आणि तिच्या पायातल्या चपला त्यांनी आधी काढल्या. मग आम्ही तिघं मनाच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरांनी तिच्याशी तासभर एकटीशी बोलून आम्हाला आत घेतलं. आजार आहे, औषध आहे, वेळ लागेल, असं सांगितलं.  ‘म्हंजे ताप आल्यासारखंच हाय म्हणा की,’ वडील म्हणाले. डॉक्टर म्हणाले, हो, फक्त हा थर्मामीटरवर दिसत नाही. निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पुढे कधी शंका आली तर सरळ विचारत जा, मरायचं मनात येतं का म्हणून. विचारल्यानं ते मनात भरत नाही.

तिचं ते वर्ष गेलं. जूनमध्ये वडील खोली रिकामी करायला आले तेव्हा सत्तावीस नंबरचा तिच्या सामानात गेलेला डबा परत घेऊन आले. काठोकाठ चारोळी भरलेली. ‘आमच्याकडं रिकामं भांडं परत देत न्हाईत, ताई,’ ते म्हणाले. डबा मी घेतला, आणि रिकाम्या भांड्यांचं मी जे कौतुक करत होते ते मला तिथंच, त्या माणसासमोर, लाजिरवाणं वाटलं.

तो डबा मी जपून वगैरे ठेवलेला नाही. सत्तावीस नंबर सध्या परभणीच्या एका मुलाकडे आहे आणि तो कारलं जसंच्या तसं परत पाठवतो. पाठवू दे.

मी स्वतः ‘कशाला’ असं कधी विचारलं का, हे मी त्या उन्हाळ्यात बरेचदा तपासून बघितलं. एकदा विचारलं होतं. पस्तिशीत असेन. परातीतली कणीक तिंबता तिंबता हात थांबले आणि वाटलं, उद्याही हेच, परवाही हेच, हे कशाला? तेवढ्यात दूध उतू गेलं. त्यानंतर तो प्रश्न आला असेल तर मी त्याला घरात सापडले नसेन. पहाटे चारला मला उत्तर लागत नाही, बासष्ट डबे लागतात. बरीच वर्षं मी याला माझा कणखरपणा समजत होते. तो कणखरपणा नव्हता. मला फक्त फुरसत नव्हती. या पोरांना आम्हीच पुस्तकं दिली, खोली दिली, दार लावून बस म्हणून सांगितलं. दार लावून बसलेल्या माणसाला तो प्रश्न सापडणारच. तो मूर्खपणाचा प्रश्न नाही. मी त्याचं उत्तर दहीभात समजत होते, एवढंच.

रेणुकानं दोन वर्षांनी परीक्षा दिली. आता किनवट तालुक्यातच एका निवासी शाळेत शिकवते. औषध डॉक्टरांनीच हळूहळू बंद केलं. वर्षातून एकदा फोन करते, साधारण याच दिवसांत. मागच्या वर्षी मी तिला विचारलं, आता येतो का गं तो प्रश्न? म्हणाली, ‘येतो की. येऊन बसतो. पोरांची हजेरी घ्यायची असते, मी उठते.’ मग म्हणाली, ‘काकू, एक बोलू? पेपरच्या दिवशी तुम्ही बसलात, पण तेव्हा मला काही ऐकूच येत नव्हतं. मी आधी बोलणार होते. कुत्रीला भरवत होते त्या दिवशी. तुम्ही रागावलात त्याचं काही नाही, बरंच वाटलं. पण तुमच्या गाडीला अजून अकरा डबे लटकलेले होते.’

अकरा. तिनं मोजले होते.

तर शनिवारी एकोणचाळीस नंबर हातात घेऊन मी बसले होते. हा बालाजीचा डबा. जळकोटचा, एम.ए. अर्थशास्त्र, दुसरं वर्ष. माझं माहेर उदगीरचं, त्यामुळे तो सुरुवातीला ओट्यावर माझ्याशी माहेरच्या बोलीत बोलायचा, उदगीरच्या बाजाराच्या गप्पा मारायचा. शेवटचा कधी आला होता ते आठवेना. संध्याकाळचे डबे न्यायला सलीमभाई आले तेव्हा विचारलं, तिथं एखादी कुत्री आहे का? त्यांना लगेच कळलं. हसले नाहीत. ‘कुत्ती नहीं भाभी. डब्बा दरवाजे के भार धोके रखा मिलता. आदमी नहीं दिखा पंद्रा दिन से.’

मी सांगितलं, आज डबा बाहेर ठेवायचा नाही. तोंड दिसेपर्यंत दार वाजवायचं, आणि दिसलं की मला फोन. अर्ध्या तासानं फोन आला. दार उघडलं, दाढी वाढली आहे, अभ्यास चालू आहे म्हणाला. शेजारच्या खोलीतल्या दोन पोरांचे नंबर माझ्याकडे होते. त्यांना फोन करून सांगितलं की आज बालाजीला तुमच्यात झोपायला घ्या, पंखा बिघडलाय म्हणा, काहीही म्हणा. त्यांनी ऐकलं. त्यांच्याकडूनच कळलं की दीड महिना त्याचं जेवण तेच खात होते. तो म्हणायचा, मला बाहेरचं आवडतं, तुम्ही घ्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी माझ्याकडे एकच वेळ असते आणि काहीतरी गोड असतं. मी पहाटे गव्हाची खीर टाकली, आमच्याकडे तिला हुग्गी म्हणतात. साठ डबे भरून सलीमभाईंच्या ऑटोत चढवले. बासष्टमधला एकजण गावी गेलेला होता. एकोणचाळीस नंबर आणि माझं स्वतःचं जेवण मी मागे ठेवलं. भांडी आवरून, बायकांना सुट्टी देऊन, साडेदहाला निघाले. स्कूटीच्या हँडलला एकच पिशवी होती.

बालाजी नुकताच आपल्या खोलीत परतला होता. भिंतीवर अभ्यासाचं वेळापत्रक, रोजच्या रोज काट मारलेली, आणि मार्चमधल्या एका तारखेनंतर सगळे रकाने कोरे. मला बघून तो उभा राहिला. म्हणाला, ‘काकू, डबा ठेवा, मी खातो नंतर.’ मी म्हटलं, मला भूक लागली आहे, चारपासून उभी आहे. आणि खुर्चीवरची पुस्तकं बाजूला करून बसले. दोन ताटल्या काढल्या.

झाकण उघडलं तसं तो म्हणाला, ‘हुग्गी हाय?’

‘मग? उदगीरची आहे मी.’

मी जेवायला लागले. काही विचारलं नाही.  त्यानं एक चमचा घेतला, मग काही वेळानं अजून एक. पुढचं त्याच्याच्यानं जाईना. चमचा ठेवून म्हणाला, ‘लई दिवस झाले, गिळतच न्हाई. आई रोज फोनवर एकच इचारती, जेवलास का. डबा त्या पोरांना देतो, घासून ठेवतो, मंग हाव म्हणतो. रिकामा डबा समोर असला की खोटं बोलल्यावानी वाटत न्हाई.’

तेव्हा मी सरळ विचारलं. ‘मरायचं मनात येतं का रे?’

 ‘येतं,’ तो म्हणाला. ‘आजवर कुणी इचारलं न्हाई.’

मी उठले नाही. मग तो बोलला. एक वाजेपर्यंत बोलला. त्यातलं निम्मं मला कळलं, निम्मं नाही, आणि एकाही गोष्टीवर माझ्याकडे तोडगा नव्हता. ते त्याचं आहे, इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी मी एवढंच ठरवून टाकलं, की उद्या सकाळी दहाला डॉक्टर आणि आजपासून मुक्काम माझ्या घरी, पुढच्या खोलीत. आणि आईला आत्ताच फोन. तो म्हणाला, ‘काय सांगू तिला?’

‘जेवलो नाही म्हणून सांग.’

त्यानं फोन लावला. पलीकडून बाईनं काय विचारलं ते मला ऐकू आलं, कारण ते रोजचंच होतं. तो म्हणाला, ‘न्हाई आई. न्हाई जेवलो. लई दिवसाचा न्हाई जेवलो.’ मग त्याला पुढे बोलता येईना, तेव्हा फोन मी घेतला.

निघताना तो सवयीनं डबा उचलून नळाकडे गेला. घासणी तिथंच ठेवलेली होती. म्हटलं, राहू दे. वरणाचे ओघळ आणि निम्म्याहून जास्त उरलेली खीर, तसाच झाकण लावून तो डबा पिशवीत घातला. बालाजीला गाडीवर मागे बसवलं. घरी एकोणचाळीसपासून पुढचे सगळे नंबर रंगवायचे राहिले होते.